लेटेकमध्ये पानावर मध्येच पोकळी, फिगर चॅप्टरच्या शेवटी: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

लेटेक म्हणजे कमांड लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाइलवरून पीडीएफची पानं लावणारा प्रोग्राम. आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या पीडीएफमध्ये दिसत असेल तर पुढे वाचा, नाहीतर वेळ घालवू नका.

पानाचा तळ व्यवस्थित भरलेला आहे, पण दोन पॅरांमध्ये, हेडिंगच्या वर किंवा यादीतल्या मुद्द्यांमध्ये भलतीच फट पडलीये, जणू कोणीतरी दोन्ही बाजूंनी पान ताणलंय. किंवा उलट, अर्धं पान चक्क कोरं आणि फिगर पुढच्या पानावर. किंवा सगळ्यात कॉमन, चौथ्या चॅप्टरच्या पहिल्या दोन फिगर जागेवर आहेत आणि बाकीच्या सगळ्या चॅप्टर संपल्यावर ओळीने उभ्या. चॅप्टर सुरू व्हायच्या आधी एक कोरं पान येतंय. डावं मार्जिन एका पानावर कमी, एका पानावर जास्त. आणि मराठीत लिहित असाल तर ओळ मार्जिनच्या बाहेर लोंबतीये, नाहीतर एकाच पॅरात काही ओळींमधलं अंतर जास्त आणि काहींमधलं कमी.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये सबमिशनचा सीझन आला की हेच सगळं घेऊन ज्युनियर मंडळी येतात, "दादा, फिगर पळाली" हे वाक्य ठरलेलं, आणि फाइल उघडली की तिच्यात व्हीस्पेस (उभी मोकळी जागा), न्यूपेज (नवं पान), उणे एक सेंटीमीटर वगैरे ठिगळं आधीच लावलेली असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की लेटेक जागा उगाच सोडत नाही. त्याला पान खालपर्यंत भरायला सांगितलेलं असतं किंवा एखादी गोष्ट त्याला कुठेच बसत नसते. ती न बसणारी गोष्ट शोधा. पोकळी दिसते तिथे ठिगळ लावलं की ती पुढच्या पानावर जाते, एवढाच फरक पडतो.

एक सूचना, कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि आधी बॅकस्लॅश. आणि मजकूर अजून बदलतोय, गाइडचे करेक्शन यायचेत, अशा वेळी पानांची सजावट करत बसू नका. एक पॅरा वाढला की पुढची सगळी पानं सरकतात आणि केलेली मेहनत पाण्यात.

पैसे, डोकं काहीच न लागणाऱ्या गोष्टी

परत कंपाइल करा, म्हणजे फाइलवरून पीडीएफ पुन्हा बनवा. दोनदा, लाँगटेबल (अनेक पानांवर चालणारं टेबल) असेल तर तीनदा. लेटेक मागच्या वेळची पान नंबर, लेबल, अनुक्रमणिका वगैरे माहिती ऑक्स फाइलमध्ये ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वाचतो, म्हणजे तुम्ही बघताय ते पान कधीकधी शिळ्या माहितीवर बनलेलं असतं. लाँगटेबलच्या कॉलमची रुंदी तर एका फेरीत जुळतच नाही. तरी विचित्र दिसलं तर ऑक्स, टीओसी या फाइली उडवून पुन्हा करा. ओव्हरलीफवर (ब्राउझरमधलं लेटेक) असाल तर मेनूत 'रीकंपाइल फ्रॉम स्क्रॅच' आहे, तेच काम करतं.

मग कागद. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचा साइज बघा. ८.२७ बाय ११.६९ इंच असेल तर ए-फोर, ८.५ बाय ११ असेल तर लेटर. लेटेकचे जुने स्टँडर्ड क्लास (डॉक्युमेंटचे साचे: आर्टिकल, रिपोर्ट, बुक) तुम्ही काही सांगितलं नाही तर अमेरिकन लेटर कागद धरून मजकुराची चौकट आखतात, आपल्याकडे छापायचं असतं ए-फोरवर, त्यामुळे वरखाली मार्जिन हुकतं. डॉक्युमेंटक्लासच्या (फाइलच्या सुरुवातीची, क्लास ठरवणारी ओळ) ऑप्शनमध्ये ए-फोर-पेपर लिहिलं की काम झालं. आणि स्क्रीनवर बरोबर, प्रिंटमध्ये चूक असं असेल तर लेटेकला हातही लावू नका, झेरॉक्सवाल्याला सांगा की 'फिट टू पेज' काढ आणि 'अ‍ॅक्च्युअल साइज' ठेव. बाइंडिंगसाठी मोजून ठेवलेलं दीड इंच तिथेच आकसतं.

कोरी पानं आणि उड्या मारणारं मार्जिन, हे दोन्ही बहुतेक वेळा बिघाड नसतातच. बुक क्लास मुळात दोन्ही बाजूंनी छापायच्या पुस्तकासाठी आहे, त्यामुळे चॅप्टर उजव्या पानावरच सुरू करतो आणि आतलं-बाहेरचं मार्जिन वेगळं ठेवतो. एका बाजूने छापणार असाल तर ऑप्शनमध्ये वनसाइड आणि ओपनएनी टाका. रिपोर्ट क्लासला हे मुळातच तसं असतं, म्हणून मित्राच्या फाइलमध्ये कोरं पान येत नाही आणि तुमच्यात येतं.

लॉग वाचा, खरंच वाचा

लॉगकडे (कंपाइल करताना लेटेक स्वतः लिहितो ती नोंदींची फाइल) बघायचं नाही हा लोकांचा पणच असतो, पीडीएफ निघाली म्हणजे झालं. पण पानाबद्दलच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथे लिहिलेलं असतं. तीन प्रकारच्या ओळी शोधा.

'ओव्हरफुल एचबॉक्स', पुढे किती पॉइंट जास्त आणि कुठल्या ओळीत ते दिलेलं असतं. म्हणजे ओळ मार्जिनच्या बाहेर गेलीये. ७२.२७ पॉइंट म्हणजे एक इंच, त्यामुळे एकदोन पॉइंटचं ओव्हरफुल कोणाला दिसणारही नाही, सोडून द्या. वीस, तीस पॉइंट असेल तर बघावंच लागेल. क्लासच्या ऑप्शनमध्ये तात्पुरतं ड्राफ्ट लिहिलंत की अशा प्रत्येक ओळीच्या टोकाला काळा ठोकळा येतो, शोधायला सोपं. फक्त ड्राफ्टमध्ये फोटोंच्या जागी रिकामी चौकट दिसते, घाबरू नका.

'अंडरफुल व्हीबॉक्स, बॅडनेस १००००, व्हाइल आउटपुट इज अ‍ॅक्टिव्ह'. हीच ती ताणलेल्या पानाची ओळ. बॅडनेस म्हणजे जागा किती वाईट पद्धतीने ताणली त्याचा आकडा, आणि १०००० म्हणजे याहून वाईट मोजतच नाहीत. ही ओळ लॉगमध्ये ज्या पान नंबरच्या आसपास आहे ते पान उघडा, फट तिथे असणारच.

तिसरी, 'एच फ्लोट स्पेसिफायर चेंज्ड टू एचटी'. ही दिसली की पुढचा फ्लोटचा भाग नीट वाचा.

फाइलमध्ये उरलेला कचरा

आता एडिटरमध्ये सर्च करा. पहिली गोष्ट, डबल बॅकस्लॅश. वर्डची सवय असलेले लोक पॅरा संपला की दोन बॅकस्लॅश मारतात, वर पुन्हा एक रिकामी ओळ सोडतात. लेटेकसाठी रिकामी ओळ म्हणजे नवा पॅरा, तेवढं पुरे. बॅकस्लॅश मारले की पॅराच्या शेवटी एक आख्खी रिकामी ओळ तयार होते आणि लॉगमध्ये अंडरफुल एचबॉक्स बॅडनेस १०००० ची रांग लागते. पॅरांमध्ये अंतर हवंच असेल तर पार-स्किप नावाचं पॅकेज (वरून जोडायची तयार फाइल) आहे, ते लावा, हाताने नको.

दुसरी, समीकरणाच्या आधीची रिकामी ओळ. इक्वेशन सुरू करण्याआधी ओळ मोकळी सोडली की लेटेक समजतो पॅरा संपला, आणि समीकरणाच्या वर नको तेवढी जागा येते, शिवाय पान तिथे तुटायची शक्यता वाढते. ओळ काढा, कोड वाचायला मोकळा हवा असेल तर तिथे नुसतं टक्क्याचं चिन्ह टाका.

तिसरी, पेजब्रेक आणि न्यूपेज यांची गल्लत. न्यूपेज पान तिथे सोडतो आणि खाली कोरं ठेवतो. पेजब्रेक पान तोडतो पण उरलेला मजकूर तळापर्यंत ताणू शकतो. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी टाकलेला पेजब्रेक, मधल्या काळात मजकूर बदललाय, आणि आता पानावर चार पॅरा एकमेकांपासून हात राखून उभे. सगळे पेजब्रेक, व्हीस्पेस, उणे व्हीस्पेस कमेंट करून एकदा कंपाइल करून बघा. बऱ्याच फाइली इथेच सरळ होतात.

पोकळी चित्रातच तर नाही ना

हे फार कमी लोक बघतात आणि फार वेळा हेच निघतं. मॅटलॅबमधून जुन्या पद्धतीने पीडीएफ काढली की ग्राफ मध्ये छोटा आणि भोवती आख्खं पान पांढरं येतं. ते तुम्ही टेक्स्टविड्थ रुंदीला लावलं की ग्राफ बारका दिसतो, वरखाली पोकळी दिसते आणि शिव्या लेटेकला. इन्क्लूडग्राफिक्सला एफबॉक्समध्ये गुंडाळा, एफबॉक्ससेप शून्य करा आणि बघा चौकट कुठे पडते. चौकट ग्राफपासून लांब असेल तर जागा चित्राची आहे. पीडीएफक्रॉप (भोवतीचं पांढरं कापणारा प्रोग्राम) चालवा, किंवा मॅटप्लॉटलिबमध्ये सेव्ह करताना बीबॉक्स-इंचेस टाइट द्या.

तिथेच हेही बघा की फिगरच्या आत बिगिन सेंटर, एंड सेंटर तर नाही वापरलेलं. ते स्वतःची वरखाली जागा आणतं. त्याऐवजी नुसतं सेंटरिंग लिहायचं.

पान ताणलं जातंय: फ्लशबॉटम

एवढं करूनही पॅरांमध्ये फट आहे आणि तळ मात्र एका रेषेत आहे, तर कारण फ्लशबॉटम. दोन्ही बाजूंच्या छपाईत समोरासमोरची पानं एकाच उंचीला संपावीत म्हणून बुक क्लास हे आपोआप चालू ठेवतो. पान भरलं नाही तर जिथे जिथे ताणायला वाव आहे, म्हणजे पॅरांमध्ये, हेडिंगभोवती, यादीत, समीकरणांच्या वरखाली, तिथे तो जागा वाटून टाकतो. ओळींमधलं अंतर तो ताणत नाही, म्हणून ज्या पानावर फक्त एक हेडिंग आहे तिथे सगळी जागा त्याच्याच डोक्यावर येते.

प्रिअ‍ॅम्बलमध्ये (फाइलचा बिगिन डॉक्युमेंटच्या आधीचा भाग) रॅगेडबॉटम लिहा. फट जाईल, पानाचे तळ थोडे वरखाली होतील. थिसिससाठी हे शंभर टक्के चालतं, छापील पुस्तकासाठी मला व्यक्तिशः आवडत नाही.

याच्याशीच जोडलेला एक आजार म्हणजे विडो आणि क्लब पेनल्टी. पॅराची एकटी ओळ पानाच्या वर किंवा खाली उरू नये म्हणून नेटवरून उचलून लोक दोन्ही १०००० करतात. मूळ किंमत १५० आहे. १०००० म्हणजे 'मेलो तरी करणार नाही', मग लेटेक एक ओळ वाचवण्यासाठी आख्खं पान ताणतो. हजारच्या आसपास ठेवलं तर बहुतेक एकट्या ओळी टळतात आणि पानही फाटत नाही.

पळालेल्या फिगर

आता मुख्य दुखणं. फिगर आणि टेबल हे फ्लोट असतात, म्हणजे लेटेकला त्यांची जागा ठरवायची मुभा असते. चौकोनी कंसात तुम्ही जी अक्षरं देता (एच इथेच, टी वर, बी खाली, पी स्वतंत्र पान) ती आज्ञा नाही, परवानगी आहे. काहीच दिलं नाही तर आर्टिकल, रिपोर्ट, बुक यांत टी, बी, पी धरतात.

आणि त्याचे काही नियम आहेत जे डोळ्याला दिसत नाहीत. पानाच्या वरच्या बाजूला फ्लोट जास्तीत जास्त ०.७ भाग व्यापू शकतात, खाली ०.३, मजकुराला किमान ०.२ हवाच. वर जास्तीत जास्त दोन, खाली एक, पानावर एकूण तीन. फक्त फ्लोटचं पान करायचं तर ते किमान ०.५ भरलेलं हवं.

आता एक खरं उदाहरण बघा. मजकुराची उंची ९ इंच. फिगर आहे ७ इंच, कॅप्शनसकट, कॅप्शन लोक मोजतच नाहीत. दिलंय नुसतं एच. इथे बसली नाही, म्हणून लेटेकने ते एचटी केलं, लॉगमधली ती ओळ हीच. आता वर टाकायची तर ९ चे ०.७ म्हणजे ६.३ इंच, ७ बसत नाही. पी ची परवानगी दिलेलीच नाही, त्यामुळे स्वतंत्र पानही नाही. म्हणजे ही फिगर कुठेच बसू शकत नाही. आणि लेटेक फिगरचा क्रम मोडत नाही, ४.३ लागल्याशिवाय ४.४ लावणार नाही, मग ४.४ चिमूटभर असली तरी. टोलनाक्यावर एक ट्रक फास्टॅगवरून अडला की मागच्या स्कॉर्पिओला पण हॉर्न वाजवत बसावं लागतं, तसं. पुढचा चॅप्टर सुरू होताना क्लिअरपेज होतं आणि तेव्हा सगळी रांग एकदम बाहेर पडते. रांग फारच वाढली तर 'टू मेनी अनप्रोसेस्ड फ्लोट्स' म्हणून एररच येते, पूर्वी ही मर्यादा १८ होती, २०१५ च्या लेटेकपासून ५२ आहे.

म्हणून शेवटच्या पानावर पडलेल्या ढिगाकडे बघू नका. ढिगातली पहिली फिगर बघा. आजारी तीच आहे, बाकीच्या फक्त अडकल्यात.

औषध, याच क्रमाने. फिगर थोडी लहान करा, ७ ची ६ इंच केली तर बहुतेक काम संपतं. नसेल करायची तर परवानगीत टी, बी, पी सगळं द्या, पी विसरू नका. मग उद्गारचिन्ह लावा, त्याने त्या एका फिगरपुरत्या वरच्या बहुतेक मर्यादा सैल होतात. मग प्लेसइन्स पॅकेजचा फ्लोटबॅरियर, सेक्शन संपतो तिथे टाकला की त्याच्या आधीच्या फिगर त्याच्या पुढे जात नाहीत. आणि तरीही पुरलं नाही तर मर्यादाच बदला, टॉपफ्रॅक्शन ०.८५, टेक्स्टफ्रॅक्शन ०.१, फ्लोटपेजफ्रॅक्शन ०.८. इथे एक काळजी घ्या, फ्लोटपेजफ्रॅक्शन हे टॉपफ्रॅक्शनपेक्षा कमीच हवं. उलटं झालं तर मधल्या मापाची फिगर वर ठेवायला मोठी आणि स्वतंत्र पानासाठी छोटी, पुन्हा रांग अडली.

अर्ध्या पानाची फिगर कोऱ्या पानाच्या मधोमध एकटी बसत असेल तर तेही याच आकड्यामुळे, ०.५ भरलं की लेटेक खूश होतो. ०.८ केलं की थांबतो आणि मजकुरासोबत लावायचा प्रयत्न करतो.

फ्लोट पॅकेजचा कॅपिटल एच मात्र सगळीकडे लावू नका. त्याने फिगर हलतच नाही, हे खरंय, पण मग उरलेल्या जागेत बसली नाही की आधीचं पान अर्धं कोरं राहतं. अर्ध्या कोऱ्या पानांच्या तक्रारीत मला बहुतेक वेळा हाच एच सापडतो. एखाद्या ठिकाणी ठीक आहे, जिथे गाइड हटूनच बसलेत की चित्र याच वाक्याखाली पाहिजे. आणि टेबल पानापेक्षा मोठं असेल तर टॅब्युलर तुटणार नाहीच, तिथे लाँगटेबल, आणि ते टेबल एन्व्हायर्नमेंटच्या आत घालायचं नाही.

मराठी मजकूर असेल तर

झीलेटेक (युनिकोड फॉन्ट चालणारं लेटेक) वापरताय असं धरतो. ओळ मार्जिनबाहेर जात असेल तर आधी बघा की भाषा सांगितलीये का. पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजमध्ये मराठी आहे. सांगितली नाही तर लेटेक इंग्रजीचे शब्द तोडायचे नियम लावतो, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणजे शब्द तुटतच नाही, आणि आपले शब्द प्रत्यय लागून केवढे होतात ते 'महाविद्यालयांमधल्यांपैकी' लिहून बघा. भाषा सांगूनही एखादी ओळ अडली तर इमर्जन्सीस्ट्रेच (शब्दांमधली जागा ताणायची जास्तीची मुभा) ३ एम द्या. सगळ्या डॉक्युमेंटला स्लॉपी लावू नका, शब्दांमध्ये भोकं पडतात.

ओळींमधलं अंतर कमीजास्त होण्याचं कारण वेगळं. लेटेक दोन ओळींच्या पायांमधलं अंतर ठरलेलं ठेवतो, पण वरच्या ओळीतला ट्र, हृ, द्ध्व असा खाली उतरणारा भाग आणि खालच्या ओळीतला 'र्थ्यां' सारखा रफार-अनुस्वार एकमेकांना भिडायला लागले की तो तेवढ्याच ओळी एकमेकांपासून सरकवतो. बाकीच्या तशाच. म्हणून ठिगळ दिसतं. लाइनस्प्रेड १.२ किंवा १.३ करा, सगळ्यांनाच जागा मिळाली की सरकवायची वेळ येत नाही. शोभिकासारखा (आयआयटी मुंबईचा, फुकट मिळतो) किंवा मुक्तसारखा फॉन्ट बदलूनही बघा, प्रत्येकाच्या मात्रा वेगळ्या उंचीच्या असतात. आणि जोडाक्षरंच तुटत असतील, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर तो लेआउटचा प्रश्नच नाही, फॉन्टच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट देवनागरी लिहायचं राहिलंय.

सगळ्यात किचकट: टेम्प्लेट

इथपर्यंत येऊनही सुटलं नाही तर संशय टेम्प्लेटवर. सीनियरकडून सीनियरकडे वारशाने आलेल्या फाइलीत जॉमेट्री, फुलपेज, ए-फोर-वाइड आणि खाली हाताने लिहिलेली ऑडसाइडमार्जिनची ओळ, सगळं एकत्र नांदत असतं आणि एकमेकांवर कुरघोडी करत असतं. मार्जिनसाठी फक्त जॉमेट्री ठेवा, बाकीचं काढा. त्यालाच शोफ्रेम ऑप्शन दिला की चौकटी दिसतात, म्हणजे मजकूर चुकलाय की मार्जिन ते कळतं.

तरी नाही, तर फाइलची कॉपी करा (कॉपी, मूळ नाही), निम्मी पॅकेजेस कमेंट करा, कंपाइल करा. दोष गेला तर काढलेल्या निम्म्यात आहे, नाही गेला तर उरलेल्यात. पुन्हा निम्मी. कंटाळवाणं आहे, पण अंदाज करत बसण्यापेक्षा लवकर होतं.

आणि सगळं झाल्यावर, अगदी शेवटच्या दिवशी, एखाद्या पानावर एक ओळ जास्त होतीये एवढंच उरलं असेल तर एनलार्जदिसपेज, एका बेसलाइनस्किपने. दोन्ही बाजूंनी छापताय तर समोरच्या पानालाही तेवढंच.

कुठे थांबायचं

विद्यापीठाने किंवा जर्नलने दिलेली क्लास फाइल असेल तर सीएलएस फाइल उघडून बदलू नका. जर्नलवाले स्वीकारल्यावर स्वतः पुन्हा पानं लावतात, तुमची फिगर कुठे बसली याने तिथे काहीच फरक पडत नाही, ओव्हरफुल काढा आणि पाठवून द्या. विद्यापीठाच्या क्लासमध्येच घोळ असेल तर डिपार्टमेंटमध्ये जो कोणी तो सांभाळतो त्याच्याकडे जा, कारण तपासणारा माणूस त्याच फाइलीवरून मार्जिन मोजणार.

आउटपुट रूटीनमध्ये हात घालायला सांगणारं उत्तर नेटवर सापडलं, तर तिथे थांबा. पान बांधण्याचं मूळ यंत्र ते, त्यात बदल केला की फूटनोट, फ्लोट, पान नंबर सगळं एकदम हलतं. पुस्तक छापखान्यात जाणार असेल, फॉर्म (छपाईच्या मोठ्या कागदावर पानांची मांडणी) लावायचे असतील, रंगीत पानं असतील, तर लेटेक येणाऱ्या टाइपसेटरला पैसे द्या. सबमिशन दोन दिवसांवर असेल तरीही द्या, किंवा त्या पानावर पोकळी राहू द्या, परीक्षक ती मोजत नाहीत.

मदत मागताना पीडीएफचा स्क्रीनशॉट एकटा पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. मुख्य टेक फाइल, क्लास फाइल, पूर्ण लॉग, आणि कुठल्या पानावर काय खटकतंय ती एक ओळ. जमलं तर चॅप्टर कापून कापून दोष अजून दिसतोय अशी दोनतीन पानांची छोटी फाइल बनवा. कापता कापता अर्ध्या लोकांना दोष स्वतःच सापडतो.